‘साकु’ म्हणायला शिका: बेळगावात ग्रुप ट्रेनिंगला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

महाशिवरात्रीचा कडक उपास सोडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्गात शंभर स्क्वॉट (म्हणजे बैठका), साठ लंजेस (एक पाय पुढे टाकून बसणं) मारून आले. त्याच्या आधीचे आठ दिवस ‘कार्ब्स बंद’ म्हणून भाकरीही सोडलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी कठडा धरून, तिरपी होऊन एकेक पायरी उतरले. बाथरूममध्ये बघते तर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. मला वाटलं कावीळ. सासूबाई म्हणाल्या, उष्णता झाली, सब्जा घाल पाण्यात. गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळे बघितले, जीभ बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, परवा काय उचललंत?"

स्नायू तुटले की रक्तात उतरणारं एक द्रव्य असतं, सीपीके. ते बावीस हजारांवर निघालं. दोनशेच्या आत असावं लागतं. दोन रात्री सलाईनवर काढल्या. मूत्रपिंडं वाचली, कारण वेळेत गेले.

आता मी आठवड्यातून तीन दिवस तशाच वर्गाला जाते आणि मजेत जाते. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. पण टिळकवाडी-शहापूर-वडगावात काय, निपाणी-खानापुरात काय, ग्रुप ट्रेनिंगचे बोर्ड लागतायत आणि ओळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतंच, "जाऊ काय गं मी पण?" प्रत्येकीला तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढलं.

## १. पैसे भरायच्या आधी स्वतःला सात प्रश्न विचारा

व्यायाम सुरू करण्याआधी विचारायची सात प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात, तिला ‘पार-क्यू’ म्हणतात. चांगल्या ठिकाणी पहिल्या दिवशी तोच कागद भरायला देतात. आपल्याकडे बऱ्याच जागी देत नाहीत, म्हणून घरीच विचारा. डॉक्टरांनी कधी हृदयाचा त्रास सांगितलाय का? श्रम करताना छातीत दुखतं का? गेल्या महिनाभरात बसल्याजागी छातीत दुखलंय का? चक्कर येऊन तोल जातो किंवा शुद्ध हरपते का? हाडा-सांध्याचं असं काही दुखणं आहे का, जे व्यायामाने वाढेल? बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का? व्यायाम टाळावा असं आणखी काही कारण माहीत आहे का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर आधी डॉक्टर, मग वर्ग.

चाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला लहान वयात अटॅक आला असेल किंवा तंबाखू-सिगारेट असेल, तर सातही उत्तरं ‘नाही’ आली तरी एकदा भेटून या. कन्नड नट पुनीत राजकुमार हृदयविकाराने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले तेव्हा ४६ वर्षांचे होते आणि रोज व्यायाम करणारे होते. त्या आठवड्यात आमच्याकडचे निम्मे लोक जिम सोडून बसले आणि उरलेल्या निम्म्यांनी काहीच केलं नाही. खरं तर दोन्ही गटांनी जाऊन एकदा बीपी, साखर आणि ईसीजी बघायला हवा होता.

डॉक्टरांकडे जाताना एवढं सोबत न्या:

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. नुसतं "बीपीची पांढरी गोळी" म्हणून चालत नाही.
- असतील ते जुने रिपोर्ट: साखर, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), हिमोग्लोबिन, थायरॉइड.
- वर्गात काय करून घेतात त्याचा मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ. हे फार उपयोगी पडतं. ‘व्यायाम सुरू करतोय’ म्हटल्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरचं चालणं येतं.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी मुद्दाम विचारा. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत असाल तर स्नायूंना इजा होण्याची शक्यता थोडी वाढते. ठोके कमी ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या असतील तर घड्याळावर दिसणाऱ्या ठोक्यांवरून किती दम लागलाय ते कळत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून वर्गाआधी मोजायची, आणि शंभरच्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय सुरू करायचं नाही.

## २. वर्ग निवडताना आधी भिंतीला टेकून बघा

पहिल्या दिवशी करू नका, बघा. पंधरा-वीस मिनिटांत सगळं समजतं.

नवीन माणसाला ट्रेनर वेगळं काही देतो, की सगळ्यांना एकच? कुणी वाकडी पाठ करून वजन उचलत असेल तर थांबवतो, की "कम ऑन, दोनच राहिले" म्हणून ओरडतो? एका ट्रेनरमागे किती जण? बारा-पंधराच्या वर गेले की कोपऱ्यातला माणूस कुणालाच दिसत नाही, आणि नवीन माणूस लाजून नेमका कोपऱ्यातच उभा राहतो. जागा पत्र्याच्या शेडची असेल तर वारा आत येतो का? बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. अडीच हजार फूट उंचीमुळे हवा थंड, म्हणून घाम किती जातोय ते बाहेर जाणवत नाही; पण एप्रिलमधली पत्र्याची शेड आणि जुलैतली दमट, दारं लावलेली खोली या दोन्हींत शरीर आतून तापत जातं.

दोन प्रश्न सरळ विचारा: "छातीवर दाब देऊन माणूस जगवायचं, म्हणजे सीपीआरचं, प्रशिक्षण तुम्ही घेतलंय का?" आणि "मी मध्येच थांबले तर चालेल का?" दुसऱ्या प्रश्नाला हसून "आमच्याकडे कुणी थांबत नाही" असं उत्तर आलं, तर चपला घाला आणि निघा.

आपल्या भागातली एक अडचण म्हणजे सूचना कानडी-हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत येतात. घड्याळ चालू असताना मनातल्या मनात भाषांतर करायला वेळ नसतो. दोन कानडी शब्द तोंडात बसवून ठेवा, ‘साकु’ म्हणजे पुरे आणि ‘नोवु’ म्हणजे दुखतंय. पहिला आठवडाभर मी "सर, थोडं दुखतंय असं वाटतंय" असली लांबलचक वाक्यं जुळवत बसायचे. मग शेजारच्या अक्कांनी शिकवलं, "मोणकाल नोवु ऐत्री म्हण, झालं." दुसऱ्या दिवशी तेवढंच म्हणाले आणि सरांनी लगेच गुडघ्याचा व्यायाम बदलून दिला.

## ३. पहिले चार आठवडे फळ्याकडे पाठ

या वर्गांत एक फळा असतो. त्यावर आजचा व्यायाम, त्याखाली नावं आणि नावांपुढे आकडे. माझं नाव दुसऱ्याच दिवशी निळ्या मार्करने चौदाव्या नंबरवर लागलं, खाली एकच जण. तो एक जण त्या दिवशी आलाच नव्हता हे मला मागाहून कळलं. त्या निळ्या नावापायी मी शंभर पूर्ण केले.

फळ्यावरचे शब्द आधी समजून घ्या. ‘ॲमरॅप’ म्हणजे ठरलेल्या वेळात जमतील तितक्या फेऱ्या. याला वरची मर्यादाच नसते, म्हणून नव्या माणसाने यात सगळ्यात जास्त सांभाळायचं. ‘इमॉम’ म्हणजे दर मिनिटाला ठरावीक आकडा, आणि मिनिटातला उरलेला वेळ विश्रांती. सुरुवातीला हा बरा. ‘तबाता’ म्हणजे २० सेकंद जोरात, १० सेकंद थांबा, असं आठ वेळा. इझुमी तबाता या जपानी संशोधकाच्या नावावरून ते आलं. त्यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सायकलवर होता, आणि सगळा मिळून चार मिनिटांचा. आपल्याकडे ‘तबाता क्लास’ पाऊण तास चालतो. चार मिनिटांत जो जोर लावायचा तो पाऊण तास लावता येत नाही. लावला तर काय होतं ते मी वर सांगितलंच.

माझे वडील तरुणपणी तालमीत जायचे. दवाखान्यात मला बघायला आले तेव्हा पहिल्यांदा रागावले आणि मग म्हणाले, "आमच्या वस्तादांनी नव्या पोराला पहिल्या दिवशी पंचवीस बैठका मारायला लावून घरी हाकललं असतं. शंभर मारतो म्हणाला असता तर कानाखाली." जोर-बैठका हजारात मोजणारी माणसं पंचवीसवरून चढत गेली होती. मीही आता तसंच करते आणि तुम्हीही तसंच करा.

पहिल्या दोन आठवड्यांत फळ्यावरच्या आकड्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. आठवड्यात दोन किंवा तीन वर्ग, दोन वर्गांमध्ये एक दिवस मोकळा. दम इतकाच लागू द्या की एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वजन खाली नेण्याच्या, बसत जाण्याच्या, पुल-अपवरून उतरण्याच्या हालचाली सर्वांत कमी करा, कारण ताणलेल्या स्थितीत भार झेलताना स्नायूचे तंतू जास्त तुटतात. "वर जाताना त्रास, खाली येताना सोपं" असं वाटतं, पण इजा होते ती खाली येताना.

तापातून उठल्यावर, पंधरा-वीस दिवसांच्या खंडानंतर किंवा लग्नसराई आटोपून परत आलात, तर पुन्हा नव्या माणसासारखं निम्म्यापासून सुरू करायचं. हा सापळा जुन्या लोकांचा आहे. अंगाला सवय गेलेली असते, पण आकडे डोक्यात राहिलेले असतात.

## ४. लघवीचा रंग

हा भाग कृपया दोनदा वाचा.

स्नायूवर एकदम फार भार पडला की त्याच्या पेशी फुटतात आणि आतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात येतो. मूत्रपिंडं तो गाळताना चोंदू लागतात. वैद्यकात याला ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात; वर्गातली पोरं ‘रॅब्डो’ म्हणतात आणि कधी कधी फुशारकीने म्हणतात, जणू पदकच. त्यांना माझ्याकडे पाठवा.

व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत हे दिसतं. अंग दुखणं सगळ्यांनाच असतं, मग फरक कसा ओळखायचा? साध्या दुखण्यात हात-पाय हलवले की थोडं सैल पडतं. यात स्नायू सुजतो, घट्ट होतो, हात सरळ होत नाही किंवा मांडी वाकत नाही, आणि दुखणं केलेल्या कामाच्या मानाने फारच जास्त असतं. ताकद गेल्यासारखी वाटते. मळमळ असू शकते. आणि लघवी गडद: कोरा चहा, काळं कोलाचं पेय, गुळाचं पाणी, यातलं काहीही. पण रंग बदलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. काहींमध्ये तो दिसतच नाही.

अशा वेळी:

- त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असेल तर कॅज्युअल्टी. "उद्या बघू" नाही.
- "जोराचा व्यायाम केला होता" हे वाक्य आपणहून सांगा.
- सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी होईल. माझ्या रिपोर्टमध्ये लघवी तपासायच्या पट्टीवर ‘रक्त आहे’ आलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसल्याच नाहीत. पट्टीला मायोग्लोबिन आणि रक्त यातला फरक कळत नाही. ही विसंगती बघूनच डॉक्टरांची खात्री पटली.
- दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात घेऊ नका. या गोळ्यांनी मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी होतं आणि आधीच अडचणीत असलेल्या अवयवावर आणखी भार पडतो. मेडिकलवाला विचारल्याशिवाय देतो, तेव्हा आपणच नको म्हणायचं. व्यायामाच्या आधी ‘दुखू नये म्हणून’ घेणारेही मी पाहिलेत. तेही बंद करा.
- मालिश नको.

सीपीके कुठल्याही दणकट व्यायामानंतर थोडं वाढतं, म्हणून उगाच दर आठवड्याला करून घाबरू नका. साधारण पाचपट, म्हणजे हजाराच्या वर गेलं आणि लक्षणं असली की डॉक्टर गंभीरपणे घेतात. परत वर्गाला कधी जायचं हे आकडे खाली आल्यावर डॉक्टर ठरवतील. मला महिन्यावर लागला.

## ५. खाणं: भाकरी सोडू नका

या प्रकारच्या ट्रेनिंगबरोबर एक आहारही बाहेरून आला. त्याला ‘पॅलिओ’ म्हणतात: धान्य नाही, कडधान्य नाही, दूध-दही नाही, मांस, मासे, अंडी, भाज्या, सुकामेवा. जिथे रोज मांस परवडतं आणि चालतं तिथे काही लोकांना तो जमला असेल. आपल्या चिकोडी-निपाणीकडच्या जैन घरात किंवा लिंगायत घरात तो लावून बघा: ताटात काकडी आणि बदाम उरतात. माझ्या वर्गातली एक मुलगी पंधरा दिवस खरोखर तेवढ्यावरच होती. तिला चक्कर आली तेव्हा सगळे म्हणाले, "टॉक्सिन्स बाहेर पडतायत."

टॉक्सिन्स वगैरे काही नव्हतं. जोराच्या, झटक्याच्या व्यायामाला स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन, म्हणजे आत साठवलेली साखर, वापरतात, आणि ग्लायकोजेन भरतं ते भाकरी, भात, रताळी, फळं यांनी. ते काढून घेतलंत आणि वर तबाता केलंत, तर गाडीतलं पेट्रोल काढून घाट चढवल्यासारखं होईल. वजन कमी करायचं असेल तर तेल, गोड, फरसाण, रात्रीचा दुसऱ्यांदा वाढलेला भात कमी करा. भाकरीशी वैर नको. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, घेणाऱ्यांनी तर कीटो (जवळजवळ कार्ब्सच नसलेला आहार) किंवा पॅलिओ डॉक्टरांना न विचारता सुरूच करू नये. त्यात साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

वर्गाआधी. पहाटे पावणेसहाच्या वर्गाला रिकाम्या पोटी जायची फॅशन आहे. नव्या माणसाने करू नये. अर्धा-पाऊण तास आधी एक केळं, किंवा दोन-तीन खजूर, किंवा आदल्या रात्री उकडून ठेवलेलं अर्धं रताळं. बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी घराजवळ मिळत असताना परदेशी ओट्सची बार कशाला विकत घ्यायची, हे मला कळत नाही. संध्याकाळचा वर्ग असेल तर दुपारचं पूर्ण जेवण अडीच-तीन तास आधी आटपा. तांबड्या रश्श्यावर बर्पी (खाली आडवं होऊन परत उठून उडी) मारून बघितलेले एक काका आमच्या वर्गात आहेत. त्यांनी आता ते सोडलंय.

प्रथिनं किती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सर्वसाधारण माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम धरलंय. नियमित जोराचा व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६ पर्यंत लागू शकतं. मूत्रपिंडांचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. माझं वजन अठ्ठावन्न, म्हणून मी सत्तर ग्रॅम धरते. ते कुठून येतात तेही सांगते, कारण "प्रोटीनच्या डब्याशिवाय होतच नाही" असं सगळे म्हणतात.

सकाळी दोन अंडी, बारा ग्रॅम. एक पेला दूध, सात. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, दहा. मटकीची वाटीभर उसळ, सात. दही वाटीभर, पाच. शेंगाचटणी दोन मोठे चमचे, पाच. चार वाजता मूठ-दीड मूठ फुटाणे, आठ. रात्री वाटीभर आमटी, सहा, आणि भाजीत पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, तेरा. बेरीज त्र्याहत्तर, आणि भात अजून धरलाच नाही. अंडी न खाणाऱ्यांनी पन्नास ग्रॅम पनीर आणि आणखी थोडे फुटाणे धरावेत. हुलग्याचं माडगं ज्यांच्या घरी अजून होतं, त्यांनी ते संध्याकाळी प्यावं. हुलगा कडधान्यच आहे आणि थंडीत बरा वाटतो. हे आकडे साधारण आहेत. वाटी प्रत्येकाच्या घरची वेगळी.

दिवसभरात विभागून खा. फक्त रात्री एकदम पाव किलो चिकन खाऊन हिशेब पुरा होत नाही.

वर्गानंतर. तासा-दीड तासात नेहमीची न्याहारी केली की झालं. अर्ध्या तासात काही घेतलं नाही तर व्यायाम फुकट गेला, ही डबे विकणाऱ्यांनी पसरवलेली घाई आहे. गोकाकचा करदंट पौष्टिक खराच, डिंक, सुकामेवा, गूळ सगळं त्यात. पण एक तुकडा. पाऊण तासाच्या व्यायामात जे जळतं ते अर्धा डबा करदंट आणि एक द्रोण कुंदा यांनी व्याजासकट परत येतं. काउंटरवर बसते, व्याजाचं मला कळतं.

## ६. पाणी आणि मीठ

एकदा घरी वजनकाट्यावर प्रयोग करा. वर्गाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन घ्या. एक किलो उतरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. पुढच्या वेळी तेवढं पुढच्या काही तासांत हळूहळू भरून काढायचं. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात. होय, तेही होतं आणि तेही वाईट. तासाभरात दोन-तीन लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळायला लागतो. लोक ऊन लागलं म्हणून आणखी पाणी पाजतात. तहान लागेल तसं प्या, एवढं नव्या माणसाला पुरतं.

पाऊण तासाच्या वर्गाला ओआरएस लागत नाही. ताक-मीठ, लिंबू-मीठ-साखर पुरे. फार घाम गेला असेल, जुलाब झाले असतील तर ओआरएस घ्या, पण औषधाच्या दुकानातली लिटरभर पाण्यात मिसळायची पुडी. फळांच्या चवीची गोड डबी घेऊ नका. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी वस्तू तीच वेगळ्या नावाने दिसेल. मागची साखर वाचा.

## ७. डबे आणि पुड्या

व्हे प्रोटीन वाईट नाही. ते दुधाचंच आहे. एका चमच्यात पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं. पण आधी वरचा हिशेब करून बघा, कमी पडलं तरच घ्या. घेतलंत तर बिलासकट, सील बघून आणि डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तपासून. सुट्या पिशवीत वजनावर देणारे असतात, ते नको. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांत तर प्रोटीन पावडर टाळावी असंच म्हटलंय.

ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिन मोनोहायड्रेटची पावडर, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम, यावर बराच अभ्यास झालाय आणि निरोगी माणसाला ते चालतं. पण नव्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत गरज नाही. घेत असाल तर रक्त तपासताना सांगा, कारण क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसतो आणि डॉक्टर मूत्रपिंडांच्या आजाराच्या शोधात लागतात.

माझा खरा राग आहे तो ‘प्री-वर्कआउट’वर, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायच्या पावडरीवर. एका चमच्यात दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं. धडधाकट माणसाला दिवसभरात चारशे ही मर्यादा मानतात आणि आपण वर तीन चहा पितो. तोंडाला-हाताला मुंग्या येतात त्या तिच्यातल्या बीटा-ॲलनीन या घटकाच्या, त्या निरुपद्रवी. पण छातीची धडधड तशी नाही. कॅफीन घेतल्यावर दमणूक जाणवत नाही आणि ‘साकु’ म्हणायची वेळ निघून जाते. बीपी असेल तर हातही लावू नका.

भरतीची तयारी करणाऱ्या आणि कुस्तीच्या पोरांना एवढंच सांगते: कुणी ‘इंजेक्शनने लवकर होतं’ म्हणालं तर तो माणूस सोडा. बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर ‘मला ठाऊक नव्हतं’ चालत नाही.

## ८. उपास, श्रावण, रोजे

निर्जळी उपासाच्या दिवशी वर्ग नको. फराळाचा उपास असेल तर चालणं, ताण देणं एवढंच. दुसऱ्या दिवशीही निम्म्यावर, माझ्यासारखं करू नका. रोजे धरणाऱ्या आमच्या वर्गातल्या भाभी इफ्तारनंतर दोन तासांनी हलका व्यायाम करतात आणि आकडे फळ्यावर लिहूच देत नाहीत.

बायकांसाठी एक. कमी खाऊन जास्त व्यायाम केल्यावर पाळी लांबली किंवा दोन-तीन महिने आलीच नाही, तर ‘बरं झालं, सुटका’ म्हणू नका. शरीर उपाशी आहे आणि हाडं झिजायला लागतात. खाणं वाढवा, डॉक्टरांना दाखवा.

## ९. वर्गातच काही झालं तर

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, अंधारी: लगेच थांबा, बसा, सांगा. "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडा पिऊ नका. १०८ ला फोन. कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदयज्योती योजना सुरू केली. त्यात तालुका पातळीच्या रुग्णालयातला ईसीजी मोठ्या केंद्रातले डॉक्टर बघतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच मोफत देतात. खानापूर, बैलहोंगल, चिकोडीकडच्यांनी आपल्या जवळच्या रुग्णालयात ही सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवावं; कळ आल्यावर चौकशी होत नाही.

कुणी कोसळलं आणि श्वास नीट नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब, गाडी येईपर्यंत. पाणी तोंडात ओतू नका. आपल्याकडे ते पहिलं करतात.

## १०. पिशवीत काय

पाण्याची बाटली, टॉवेल, केळं, सपाट तळाचे बूट (पळायच्या जाड गादीच्या बुटांत वजन उचलताना पाऊल डगमगतं), मधुमेह असेल तर ग्लुकोजची पुडी. आणि एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, चालू गोळ्या, ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. मोबाइलला लॉक असतो म्हणून कागदच हवा. चिठ्ठी एका बाजूने मराठीत आणि दुसऱ्या बाजूने कानडीत लिहा, १०८ च्या गाडीत कोण येईल सांगता येत नाही. माझी कानडी बाजू अक्कांनी लिहून दिली आणि खाली आपलाही नंबर टाकला.